हजेरीत जास्त भरलेला माणूस

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाला जरा जास्त गोड बोलला की त्या दिवशीचं दूध मी बोट बुडवून बघते. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायची, कॉलेजच्या ऑफिसात उगाच वाया गेलीस. म्हणू दे. घरात काही बिनसलं की सगळ्यात आधी मलाच वास लागतो, आणि अण्णाच्या वेळीही मलाच लागला. फक्त मी नजर ठेवून बसले होते एकावर, आणि बघायला हवं होतं भलत्याच माणसाकडं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बेळगावजवळ पिरनवाडीत आमची पिठाची गिरणी होती, ती तो चालवायचा. आई त्याच्याजवळ. लग्न त्यानं केलं नाही. का केलं नाही याची कारणं त्यानं प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली, त्यामुळं मला त्यातलं एकही खरं वाटलं नाही. मी लग्न होऊन शहरात, टिळकवाडीत आले, पण रविवारी दळणाचा डबा स्कूटरवर बांधून माहेरीच जायचे. शेजारणी हसायच्या, कोपऱ्यावर गिरणी असताना एवढ्या लांब कशाला? कोपऱ्यावरचा माणूस ज्वारीत काय मिसळतो ते त्या बघायला गेल्या होत्या का?

तर हा आमचा अण्णा तरुणपणी एका सिनेमात भूत झाला होता.

सिनेमा लढाईचा. डोंगरावरची एक चौकी, खाली सगळं धुकं, वायरलेस बंद पडलेला, आणि चौकीवर अडकलेले जवान. रोज संध्याकाळी सुभेदार हजेरी घेतो आणि मोजणीत एक माणूस जास्त भरतो. तोंडं सगळी ओळखीची, परका कोणीच नाही, आणि तरी एक जास्त. म्हणजे आपल्यातला कोणीतरी मेलेला आहे आणि तरी रांगेत उभा राहतोय. मग सुरू होतो तो संशय. जेवताना एकमेकांच्या ताटाकडं बघायचं, झोपलेल्याच्या नाकासमोर ताटली धरून वाफ धरते का बघायचं. शत्रू बाजूलाच राहतो. आपल्याच माणसाला भिऊन भिऊन सगळी चौकी पोखरून निघते.

बर्फापर्यंत जायची त्या सिनेमावाल्यांची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी खानापूरकडच्या घाटातलं पावसाळ्यातलं धुकं धरलं. जवान म्हणून उभं करायला त्यांना आमच्याकडची पोरं आयती मिळाली. आमची पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळायची, केस बारीक, अंगात रग. त्यात अण्णा होता. भरतीत दोनदा गेला आणि दोनदा परत आला, तळपाय सपाट म्हणून. नाचून दाखवतो म्हणाला, पळून दाखवतो म्हणाला, पण सपाट ते सपाट. मग त्यानं वर्दी घातली ती ह्या सिनेमात.

सिनेमाभर तो रांगेच्या टोकाला नुसता उभा आहे. एकदाच बोलतो. सुभेदार ओरडून विचारतो, कोण आहे तो जास्तीचा? त्यावर अण्णानं हिंदीत काहीतरी म्हणायचं होतं. ऐन वेळी तो हिंदी विसरला आणि आमच्या बोलीत म्हणाला, "मी हितंच हाय." सिनेमा करणाऱ्यांना ते इतकं भावलं की त्यांनी ते तसंच ठेवलं. शेवटी चौकीमागची माती उकरतात आणि घोंगडीत गुंडाळलेला अण्णा सापडतो. पहिल्याच दिवशी मेलेला.

बेळगावच्या थेटरात तो जेमतेम आठवडाभर टिकला. आम्ही सगळे गेलो होतो. घोंगडी बाजूला झाली, पडद्यावर अण्णाचं पांढरंफटक तोंड दिसलं, आणि आईनं अशी किंकाळी फोडली की गेटकीपर बॅटरी घेऊन धावत आला. आजूबाजूच्या बायका रडायला लागल्या. काही सिनेमासाठी, काही आईसाठी. अण्णा तिच्या शेजारी बसून शेंगा खात होता. तिनं त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की शेंगा सगळ्या खाली सांडल्या.

घरी आल्यावर मात्र ती शांत झाली. विचार करून म्हणाली, "बरं झालं. इडा टळली. आता ह्येचं आयुष्य वाढलं."

हे बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडं माणसाच्या डोक्यावर कावळा येऊन बसला तर ते मरणाचं बोलावणं धरतात. त्यावर उतारा एकच. तो माणूस मेला अशी बातमी लांबच्या नात्यात कळवायची. ऐकणाऱ्यानं ती खरी मानून मनापासून रडायचं, आणि संध्याकाळी खरं काय ते सांगायचं. रडून झालं की मरण येऊन गेलं असं समजायचं. पण त्याला कावळा पाहिजे. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून शेजारच्या घरात सांगून आले होते, आमचा अण्णा मेला म्हणून. आईनं मला लाटण्यानं बडवलं होतं. "कावळा न्हाय काय न्हाय, आनि मरणाची बातमी? तसली बातमी मागनं खरी ठरती, कळतंय का भवाने?"

तेव्हा आईच्या हिशेबानं थेटरातल्या बायका रडल्या म्हणजे अण्णाचं मरण होऊन गेलं होतं. पुढं तो घाटात मोटरसायकलवरून पडला, एकदा काविळीनं अंथरुणाला खिळला, आई घाबरली म्हणून नाही. "त्येला काय हुतंय," म्हणायची, "त्यो येकदा मरून आलाय." मी चिडायचे. शिकलेली ना मी. पण खोटं कशाला बोलू, मनातून मलाही बरं वाटायचं.

आणि मग अलीकडं काय झालं कुणास ठाऊक, तो मेलेला सिनेमा जिवंत झाला. कुणीतरी मोबाईलवर टाकला, पोरांनी डोक्यावर घेतला. पुण्याची, बेंगळुरूची पोरं घाटातली ती जागा शोधत यायला लागली, आणि जाताना पिरनवाडीत गिरणीवर. अंगात काळे टी-शर्ट, त्यावर आमचा अण्णा पांढऱ्या तोंडानं छापलेला, खाली "मी हितंच हाय". मला आधी वाटलं ही चेष्टा आहे. मग वाटलं, ही पोरं गिरणीची जागा बघायला आलीत, बिल्डरची माणसं असणार. एकाला मी सरळ विचारलं, आधार कार्ड दाखव म्हणून. अण्णा हसून हसून खोकायला लागला.

सुरुवातीला तो त्यांना हाकलायचा. "दळण हाय का? न्हाय तर वाट सोडा." पोरांना तेही आवडायचं. पीठ उडून अण्णा मुळातच पांढरा असायचा, त्यांना वाटायचं मुद्दाम त्यांच्यासाठी रंगून बसलाय. फोटोसाठी त्यांच्या मागं गप उभा राहा म्हणायचे, सिनेमात राहतो तसा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला पहिल्यांदा खटकलं. अण्णा त्यांना हाकलेनासा झाला. उलट पोरं आली की बरं वाटायचं त्याला. भिंतीला टेकून उभा राहायचा, लागेल तितका वेळ. मी डबा घेऊन गेले की म्हणायचा, "ठेव तिथं, वत तूच गिरणीच्या टोपलीत." माझ्या आठवणीत अण्णानं कधी बाईमाणसाला डबा उचलू दिला नव्हता. गिऱ्हाइकं स्वतःच पोती आत ओढत होती. गिरणीचा पट्टा घसरला तर तो लगेच उठायचा नाही. बघत बसायचा.

झालं, माझं डोकं चालू. पहिली शंका आली दारूची. कॉलरवरचं पीठ झटकते म्हणत मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. काही नाही, वेलदोडा. मग शंका आली बाईची, कारण फोन आला की तो गिरणीच्या मागं जाऊन बोलायचा, हळू आवाजात, व्हय व्हय करत. ह्या वयात? असेना का, सांगावं तरी. आईला आडून विचारलं तर ती म्हणाली, "तू आपलं दळण घे आनि घरला जा." तिचं हे बोलणंही मला सरळ वाटलं नाही.

शेवटी एका रविवारी तो अंघोळीला गेल्यावर मी खुंटीवरच्या शर्टाचा खिसा तपासला. लाज कसली, भाऊ आहे माझा. वेलदोड्याच्या पुडीत बारक्या गोळ्यांची पट्टी निघाली. ह्या गोळ्या मी ओळखत होते, माझे सासरे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायचे.

गिरणीच्या मागं त्याला गाठलं. पट्टी समोर धरली. तो आधी हसला, मग खाली बसला.

"चालाय लागलं की छातीवर कुणीतरी पाट टाकून बसल्यागत हुतंय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतोय, नळी घालून बघूया. आपरेशन लागंल बहुतेक."

"मग बसलास का? जा की!"

"जातो की. त्या पोरांनी कार्यक्रम ठरवलाय, तुमच्या टिळकवाडीतच. सिनेमा दाखवणार, माझा सत्कार करणार. तेवढा हू दे."

"सत्काराला काय जाळायचंय अण्णा?"

"जन्मात पयल्यांदा कुणीतरी वर्दीतल्या माणसासारखं बोलवालंय गं मला," तो म्हणाला. आणि मग तेच ते घरचं वाक्य, "आनि मी येकदा मेलोय न्हवं. परत परत कोण मरतंय?"

मला इतका राग आला की मी तिथंच मोठ्यानं रडले. म्हटलं, तुझा तो सिनेमा गेला खड्ड्यात, तुझी ती पोरं गेली खड्ड्यात, मला भाऊ पाहिजे. तेव्हा तो घाबरला. गिरणीच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतली त्यानं, कार्यक्रम झाला की पुढच्या सोमवारी दवाखान्यात भरती होतो. "भरती" म्हणाला आणि स्वतःच हसला. बदल्यात माझ्याकडून शपथ घेतली, आईला सांगायचं नाही.

त्या दिवसापासून माझं एकच काम, अण्णाला सोमवारपर्यंत जपून न्यायचं. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी फोन करायचे. तो उचलायचा आणि काही बोलायच्या आधी फोनवर फुंकर मारायचा. "वाफ हाय बघ," म्हणायचा. "लिहून घे हजेरी." मी शिव्या द्यायचे आणि मग दिवस सुरू करायचे. तरी मनातली पाल काही गप बसत नव्हती. तो मला खरं सांगतोय ते सगळं सांगतोय का? डॉक्टरला मी वेगळी जाऊन भेटले. कागद मागून घेतले, कन्नडमधले आणि इंग्रजीतले, दोन्ही वाचले. अण्णानं खोटं काही सांगितलं नव्हतं, फक्त थोडं कमी करून सांगितलं होतं.

कार्यक्रम गुरुवारी दुपारी होता. आई म्हणाली, मीपण येणार. मला आश्चर्य वाटलं, कारण त्या पहिल्या दिवसानंतर तिनं तो सिनेमा परत कधी पाहिला नव्हता. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. मागं सगळी पोरं काळ्या टी-शर्टात. अण्णाला फेटा बांधला होता, शाल दिली होती. स्टेजच्या पायऱ्या तो चढला तेव्हा मी श्वास धरून बसले. वर जाऊन त्यानं छाती पुढं काढून सलाम ठोकला. सपाट तळव्यांचा माणूस, पण काय सुंदर सलाम केला हो. माझे डोळे भरून आले.

मग सिनेमा सुरू झाला. पोरांना सगळा पाठ. सुभेदारानं विचारलं, कोण आहे तो जास्तीचा, आणि अख्खं सभागृह ओरडलं, "मी हितंच हाय!" आई दचकली. शेवटी माती उकरायला लागले तशी पोरं उभी राहिली. ह्या पोरांची एक रीत आहे, अण्णा सापडला की खिशातून पिठाची चिमूट काढून हवेत उधळायची. घोंगडी बाजूला झाली, पडद्यावर अण्णाचं मेलेलं तोंड, आणि सभागृहात शिट्ट्या, टाळ्या, हसणं, वर पिठाचा धुरळा.

आईनं माझा हात पकडला. "ही हासायल्यात का गं?"

"त्यांना आवडतो तो, आई. प्रेमानं करतात."

"पयल्यांदा बाया रडल्या हुत्या," ती म्हणाली. "आज कुणीच न्हाय रडलं?"

मी म्हटलं, हल्लीची पोरं अशीच. घरी जाताना आई रिक्षात पदराला लागलेलं पीठ झटकत राहिली. अण्णा मात्र एवढा खूश होता की फेटा काढायलाच तयार नव्हता. मी मनात म्हणत होते, झालं, कार्यक्रम पार पडला, आता फक्त सोमवार गाठायचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आईचा फोन. "कावळा बसला अण्णाच्या डोक्यावर. तुझ्या मावशीला कळवलंय मी. सांजपतोर तू तोंड उघडू नको."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, निपाणीला असते. सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत काम केलं, आता घरी. अण्णावर तिचा फार जीव. तिला ह्या वयात असली बातमी? मी अर्धी रजा टाकली आणि स्कूटर काढून पिरनवाडी गाठली. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. अण्णा बाजेवर बसून चहा पीत होता.

"कुठं बसला कावळा?" मी विचारलं.

"हितंच. बाजेवर झोपला हुता, तवा."

मी वर बघितलं. अंगणावर हिरवी जाळी बांधलेली, पापड-सांडग्यांसाठी. "ह्या जाळीतून कावळा आत आला कुठनं?"

"कडंनं आला."

"अण्णा, तुला कळलं का?"

"झोपलोतो की मी," अण्णा म्हणाला. "बसला आसंल."

"अजून कुणी बघितला?"

आईनं सूप खाली ठेवलं. "पंचनामा करालीस व्हय गं? माझ्या डोळ्यानं बघितला म्हणते न्हवं!"

आईचा आवाज चढला की मी अजूनही मागं सरते. सरले. पण शंका मनात तशीच राहिली.

दिवस कलल्यावर आईनं मावशीला फोन लावला. मावशी घरी नव्हतीच. बातमी ऐकून ती नेसत्या लुगड्यानिशी बसमध्ये बसली होती आणि संकेश्वरपर्यंत पोचलीही होती. आईनं खरं सांगितल्यावर तिनं भरल्या बसमध्ये आईला अशा काही शिव्या घातल्या की आईनं फोन कानापासून लांब धरला. मग हसली, मग परत रडली. बसमधल्या बायका तिच्याबरोबर रडत आल्या होत्या म्हणे. "किती बाया हुत्या?" आईनं विचारलं. असं का विचारते ही, माझ्या मनात आलं. मावशी म्हणाली, "आक्का, येकदा फसवलंस. परत मी घरातनं हलायची न्हाय, सांगून ठेवते." तिथंच उतरून परतीच्या बसनं ती निपाणीला गेली.

फोन ठेवून आई माझ्याकडं वळली. चेहरा कसा धुतल्यासारखा झाला होता. "आता न्हे त्येला सोमवारी दवाखान्यात. काय भ्या न्हाय."

"तुला कुणी सांगितलं दवाखान्याचं?"

"त्येच्या गोळ्या सरल्या की आणून कोण ठिवतंय खिशात?" आई म्हणाली.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. माझ्या आधीपासून. मी अण्णाकडं बघितलं, अण्णा चहाच्या कपात बघत होता. आमच्या घरात प्रत्येकजण दुसऱ्यापासून तेच लपवत होता. पण मला पाहिजे ते झालं होतं, अण्णा दवाखान्यात जाणार होता. कावळ्याचं मी सोडून दिलं.

सोमवारी भरती झाला. हिरवा झगा घालून कॉटवर बसला तेव्हा तिथल्या एका पोरानं त्याला ओळखलं. फोटो काढला. अण्णा तर काय, भिंतीला टेकून लगेच तयार. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवरून आत नेताना मी बरोबर चालत होते, दारात मला अडवलं. अण्णानं मान वळवून बघितलं. "रडायलीस कशाला?" म्हणाला. "मी हितंच हाय."

ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. काचेतून मला दाखवलं. तोंडावर मास्क होता. त्यावर वाफ धरायची आणि विरायची, धरायची आणि विरायची. मी कुणावर विश्वास ठेवला नाही, डॉक्टरवर नाही, मशीनवर नाही, त्या वाफेकडं बघत उभी राहिले. नर्सनं दोनदा घरी जायला सांगितलं. शेवटी नवरा येऊन घेऊन गेला. सकाळी दवाखान्यातून फोन आला, आणि फोनवर फुंकर मारणारं कोणी नव्हतं. अण्णा गेला होता.

आई माझ्याच घरी होती. स्वयंपाकघरात येऊन मी सांगितलं. ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसली. रडली नाही. काही विचारलं नाही. मग म्हणाली, "निपाणीला कळीव."

मावशीला फोन मी केला. तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला, माझ्या सोन्या, माझ्या राजा, आता मला आक्काच्या घरात कोण पाणी देणार. बराच वेळ. मग घसा साफ करून हळू आवाजात म्हणाली, "सांजचं फोन कर गं मग." माझं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. मला वाटलं, म्हातारी बाई, किती वाजता उचलणार ते विचारत असेल.

दुपारपर्यंत अण्णाला पिरनवाडीला आणलं. अंगणात, त्याच हिरव्या जाळीखाली ठेवला. माणसं जमली. काळ्या टी-शर्टातली पोरंही आली, टी-शर्टावर वरून शर्ट घालून, खाली मान घालून. त्यातला एक ओक्साबोक्शी रडत होता. आई त्या पोराकडं टक लावून बघत होती. ती स्वतः अजून रडली नव्हती. बायका कुजबुजायला लागल्या. मलाही भीती वाटायला लागली. हिला हे खरं वाटतच नाही की काय? त्या दिवशीसारखं आजही हे संध्याकाळपर्यंतचंच आहे असं धरून बसलीय का ही? मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि ती दाराकडं. कुणी उचलायचं नाव काढलं की म्हणायची, "निपाणीची येऊ देत."

निपाणीचं कोणी आलं नाही. दीड तासाची वाट, आणि दिवस कलला तरी पत्ता नाही. भावकीतले थोरले आप्पा माझ्याजवळ आले. "दीस मावळायच्या आत न्यायला पायजे. आता थांबता येणार न्हाय."

तेवढ्यात फोन वाजला. मावशी. मी उचलला, आजूबाजूला इतका गलका होता की ऐकू येईना, म्हणून स्पीकर लावला.

"आगं, आक्का कुठाय?" मावशी ओरडली. "दीस मावळाय आला की! आजून फोन कसा न्हाय तुमचा? सकाळपास्नं रडून रडून घसा बसला माझा. पोरं निघाली हुती तिकडं, त्यांस्नीबी थांबवलं मी. म्हटलं, आक्काचा परत कावळा आसंल, हलू नका कुणी. बास झालं आता. खरं सांगा म्हंजी चा तरी घेते घोटभर."

आईनं हात पुढं केला. मी फोन तिच्याकडं दिला, तिनं तो दोन्ही हातांत धरला.

"न्हाय गं," आई म्हणाली. "खरंच गेला. आज कावळा न्हवता."

तिनं वर हिरव्या जाळीकडं बघितलं.

"त्या दिशीबी न्हवता," आई म्हणाली, आणि मग ती रडायला लागली.